लाल दिवा आणि अकरा मुलं

"चावी अर्धीच फिरव. इंजिन चालू करायचं नाही," मेकॅनिककाका खिडकीतून डोकं आत घालत म्हणाले.

तिने चावी अर्धी फिरवली. डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचं छोटं लाल चित्र उजळलं.

"लागली बाई!" मागच्या सीटवरून मावशी म्हणाल्या. डॉक्टरांनी हात टेकल्यावर नातेवाईक बोलतात तसा त्यांचा आवाज होता.

"लागायलाच हवी. आत्ता लागली नसती तर मी घाबरलो असतो," काका म्हणाले. "बल्ब जिवंत, वायर जिवंत. आता इंजिनाचं बघू."

शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ती व्हॅन तिच्या बाबांची होती. बाबा जाऊन तीन आठवडे झाले होते. त्याच्याही आठवडाभर आधीपासून ती इमारतीच्या खाली उभी होती. दादाने फोनवर निकाल देऊन टाकला होता, "तेलाची लाइट लागली म्हणजे इंजिन गेलं. बाबांचं तुला माहीत आहे, चालतंय तोवर रेटायचं. सोमवारी भंगारवाला येईल, चावी देऊन टाक."

पण मावशींना त्याच सोमवारी त्याच गाडीतून मुलं न्यायची होती. बारा वर्षं त्या व्हॅनमध्ये मुलांना चढवायच्या-उतरवायच्या, दप्तरं मोजायच्या, रडणाऱ्यांना मांडीवर घ्यायच्या. बाबांनीच त्यांना सुट्टीच्या दिवशी मैदानावर गाडी शिकवली होती, परवाना काढायला लावला होता. मुलांचे आईवडील महिनाभर थांबले. या सोमवारी गाडी आली नाही, तर मात्र ते दुसरी लावणार होते. आज शनिवार होता; सकाळीच गाडी दोरीने ओढून काकांच्या गॅरेजमध्ये आणली होती.

काकांनी तेलाची पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवली. तेल खुणेला बरोबर होतं. मग त्यांनी इंजिनाच्या कुशीतला, तेलाचा दाब कमी झाला की दिवा पेटवणारा स्विच बदलला. "कधीकधी इंजिन खरं बोलतं आणि हा खोटं," ते म्हणाले. गाडी चालू केली. दिवा विझला. मावशींनी हात जोडायला घेतले तेवढ्यात, दहाव्या मिनिटाला, तो परत लागला.

"बंद कर," काका म्हणाले. "मास्तरांची गाडी! परीक्षा घेतल्याशिवाय कशी सोडेल!" मुलांना रांगेत उभं केल्याशिवाय बाबा दार उघडत नसत, म्हणून काका त्यांना मास्तर म्हणायचे.

ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. आकडा वाईट आला की त्यावर विश्वास ठेवण्याआधी नमुना पुन्हा लावायचा, तोही दुसऱ्या यंत्रावर, ही तिची अठरा वर्षांची सवय. "काका, दिवा नुसता हो किंवा नाही सांगतो. दाब नक्की किती आहे ते मोजता नाही येत?"

"येतं की. तेच काढतोय." त्यांनी कपाटातून लांब नळीचं गेज काढलं, स्विच होता त्या भोकात नळीचं टोक आवळलं आणि तबकडी मावशींच्या हातात दिली. "धरा. हलवू नका."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काटा कळतो ना? झालं तर मग."

इंजिन चालू झालं. काटा झपकन तीन किलो दाबावर गेला आणि तिथेच उभा राहिला. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. आठ मिनिटं झाली आणि काटा खाली झुकू लागला. दोन. दीड. एक.

"बेअरिंग घासली असणार," काका हळू म्हणाले. "तसं असेल तर रेस दिली की काटा वर चढतो. दे जरा."

तिने पाय दाबला. काटा चढला नाही. उलट आणखी घसरला.

"अहो, हा तर खाली चाललाय!" मावशी ओरडल्या.

"बंद! बंद कर!"

गॅरेज एकदम शांत झालं. काका रिकाम्या डब्यावर बसले आणि पेचकसाच्या टोकाने कान खाजवू लागले. चाळीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाला कोड्यात पडलेलं बघून तिला भीती वाटायला हवी होती. पण कितीतरी दिवसांनी तिला कशाबद्दल तरी कुतूहल वाटत होतं. त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

चहा आला, संपला. "आता परत लाव," काका म्हणाले. काटा पुन्हा तीनवर. जणू काही झालंच नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "आमच्याकडे रक्ताची नळी नुसती उभी ठेवली ना, तर पेशी तळाला जाऊन बसतात. हलवली की परत वर."

"बरं मग?"

"इंजिन बंद असताना काहीतरी खाली बसतंय. चालू झालं की ते उठतं आणि हळूहळू कुठेतरी जाऊन तोंड बंद करतं. जास्त जोराने ओढलं की जास्त बंद होतं."

काकांनी पेचकस खाली ठेवला. "जाळी," ते म्हणाले. "पंप तेल ओढतो त्या तोंडाची जाळी. पोरी, रक्त काढायचं सोड आणि इकडे ये कामाला."

तेल घमेल्यात उतरलं. गाडीखालच्या खड्ड्यात उतरून काकांनी चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या पत्र्याच्या टोपाचे, बोल्ट एकेक करून काढले. चेंबर सहज निघेना. पट्टी घालून उचकटला तेव्हा कुठे सुटला. तीही खड्ड्यात उतरली. काकांनी बॅटरीचा झोत वर टाकला. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर करड्या रबराचे तुकडे चिकटले होते, खोडरबराच्या चुऱ्यासारखे.

"हे माझं काम नव्हे," काका ताडकन म्हणाले. त्यांनी चेंबरच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेला सिलिकॉनच्या लेपाची जाड वळकटी आतल्या बाजूला फुगून आली होती. "कुठल्या गाढवाने लावलंय हे? इथे दोऱ्याएवढी रेघ पुरते. याने दोन ट्यूबा पिळल्यात! जादा झालेलं आत सुटतं, तुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं."

तिने ती वळकटी नखाने दाबून पाहिली.

तिला कळलं होतं. बुटाचा तळ चिकटवला तरी गोंद चहूबाजूंनी बाहेर येऊन वाळलेला असायचा, पार्सल बांधलं तर कात्रीशिवाय सुटायचं नाही. 'राहू दे गं, कमी पडण्यापेक्षा बरं.'

"बाबांनी लावलंय," ती म्हणाली.

"मास्तरांनी? ते कशाला गाडीखाली शिरतील?"

"तेल ठिबकत होतं," वरून मावशी म्हणाल्या. त्या बाबांना भाऊ म्हणायच्या. "खाली फरशीवर डाग पडतात म्हणून इमारतीतले कुरकुर करायला लागले. भाऊ रविवारी पोतं अंथरून शिरले खाली. चार तास. बाहेर आले ते भुतासारखे."

"अहो, पण माझ्याकडे यायचं!"

"तुम्ही हर्नियाचं ऑपरेशन करून पडला होतात ना. गॅरेजला कुलूप."

"मग समोरच्याकडे जायचं. नाहीतर मला फोन तरी करायचा!"

"केला होता," मावशी म्हणाल्या. "माझ्यासमोरच केला. तुम्ही उचललात, तर नुसती तब्येत विचारली आणि ठेवून दिला."

काकांनी बॅटरी विझवली. मग उगाचच परत लावली. "आता बेअरिंग बघू," ते खाली बघत म्हणाले. "जाळी धुता येते. पण तेल पोचत नसताना गाडी रेटली असेल, तर खेळ खलास. मग तुझा दादा म्हणतो तेच खरं."

त्यांनी पान्याला जोर लावला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिची नजर दुसरीकडे वळली. गाडी राहते की जाते हा प्रश्न होताच. पण बाबांनी लाल दिवा बघूनही, मागे मुलं बसलेली असताना, गाडी तशीच रेटली होती का, हे आता बेअरिंगच्या त्या अर्धगोल पत्र्यावर लिहिलेलं असणार होतं.

काकांनी तो तळहातावर घेतला, अंगठ्याने तेल पुसलं आणि तिच्यापुढे धरला. करडा, गुळगुळीत. एक ओरखडा नाही.

"दोन-चार किलोमीटर जरी रेटली असती, तर इथे तांब्याचा रंग दिसला असता. लाइट लागल्या लागल्या गाडी बंद केलेली आहे मास्तरांनी. मिनिटभरसुद्धा काढलेलं नाही."

"मिनिट कुठलं!" मावशी खड्ड्याच्या काठावर बसत म्हणाल्या. "पेट्रोल पंपाच्या पुढे लागली. भाऊंनी तिथल्या तिथे कडेला घेतली, चावी काढली आणि म्हणाले, उतरा सगळे, आज पायी सहल. अकरा पोरं. पुढे ते, मागे मी, मधे दोरी. धाकटी चालेना तर तिला खांद्यावर घेतलं आणि दप्तर गळ्यात. शाळेची घंटा होऊन गेली होती. बाई रागावल्या, तर त्यांना म्हणाले, उशीर माझा, मुलांच्या वहीत लिहू नका."

"आणि गाडी?"

"दोरीने ओढून आणली टेम्पोवाल्याकडून. नंतर चार दिवस पोरं पायीच नेली-आणली. म्हणाले, गॅरेज उघडू दे, मग तिथेच नेऊ. मग चौथ्या संध्याकाळी घरी आले ते अंगात ताप घेऊनच, परत उठलेच नाहीत."

तिला आठवलं. त्या दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. प्रयोगशाळेत गर्दी होती. आज खूप चाललो, ते म्हणाले होते. 'छान, रोज चालत जा,' असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

"जाळी द्या," ती काकांना म्हणाली. "मी धुते."

तिने पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून एकेक तुकडा काढला. सगळे निघाल्यावर जाळी उजेडाकडे धरून पुन्हा तपासली. काकांनी चेंबरची कड खरवडली आणि दोऱ्याएवढी रेघ ओढली, एका दमात, न थांबता. ती बघत राहिली. संध्याकाळपर्यंत नवं तेल पडलं. गेज वीस मिनिटं लावून ठेवलं. गरम इंजिनावर काटा थोडा उतरला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. रेस दिली की चढत होता.

तिने दादाला फोन लावला. "भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांग."

"का? इंजिन...?"

"इंजिनाला काही झालेलं नाही. बाबांनी वेळेवर बंद केलं होतं."

"बरं," दादा म्हणाला.

घरी जाताना मावशींनी गाडी चालवली. सीट पुढे ओढूनही त्यांचे पाय जेमतेम पोचत होते. पाठीशी उशी लागली. गॅरेजच्या फाटकातून बाहेर काढतानाच दोनदा बंद पडली. काका कमरेवर हात ठेवून बघत होते आणि तोंडाने काही म्हणत नव्हते, हे विशेष. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मावशींचा हात बसला.

"माझ्याशी बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "मी बोलले तरी बोलू नकोस."

चौकात सिग्नल लाल होता. मावशींनी गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन आता चांगलं तापलेलं होतं, मंद घुरघुरत होतं. मावशींची मान पुढे होती, नजर मात्र डॅशबोर्डवर, तेलाची ती बुधली जिथे उजळते त्या जागी. तिचीही तिथेच. काळ्या काचेवर काहीच दिसत नव्हतं. दोघीजणी त्या न लागलेल्या दिव्याकडे श्वास रोखून बघत होत्या.

मागून हॉर्न वाजला. मग आणखी एक.

"अगं बाई, सुटला की कधीचा!" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी गिअर टाकला.