एका बोटाने कमी

मित्रांनो, मला हातात घ्याल तर तुम्हाला अक्रोडाची एक साधी काठी दिसेल, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या घातलेली. मी गवंड्याची मापकाठी. माझी लांबी आठ विती असायला हवी, पण ती एका बोटाने कमी आहे. या एका बोटाने एके सकाळी एका घरातल्या माणसांचे जीव टांगणीला लावले होते. मला सगळे ठाऊक होते आणि माझ्या तोंडी शब्द नव्हता.

माझा जन्म सिसिली बेटावरच्या रोक्कामेली गावात झाला. ते गाव तेव्हा डोंगरावर होते. सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले आणि तडक चर्चच्या भिंतीपाशी नेले. त्या भिंतीतल्या एका मोठ्या दगडात दोन लोखंडी खिळे ठोकलेले होते. त्यांच्यामधले अंतर हेच गावाचे माप. दरवर्षी गावच्या संताच्या सणाला कापडवाले, दोरवाले, गवंडी आपापल्या काठ्या घेऊन तिथे रांग लावत. काठी दोन खिळ्यांमध्ये नेमकी बसली की पाद्रीबाबा तिच्यावर पाणी शिंपडत. त्या भिंतीखेरीज दुसरीकडे माप तपासायला जाणे म्हणजे आपल्या आईवर संशय घेणे, असे तिथे मानत.

माझा धनी होता मास्त्रो, म्हणजे उस्ताद, नुन्सियो स्पातोला, गावातला सगळ्यात जाणता गवंडी. त्याच्या हाताच्या आठ विती आणि मी, यांत केसाचा फरक नव्हता. सणाच्या दिवशी तो मला जमिनीवर ठेवून वितींनी मोजून दाखवी आणि लोक टाळ्या वाजवत. सुखाचे दिवस होते ते. गल्ल्या इतक्या अरुंद, की एकीच्या खिडकीतून दुसरीच्या खिडकीत मीठ देता येई.

मग जानेवारीतल्या एका रविवारी डोंगर हलला. आमच्या घराची तुळई माझ्या टोकावर पडली आणि तिच्याखाली नुन्सियोचा उजवा अंगठा चिरडला. त्याची मुलगी विन्नेरा हिचा नवरा तर पुढच्या गल्लीतून परत आलाच नाही.

गाव पुन्हा कुठे बांधायचे यावर वर्षभर भांडणे झाली. शेवटी सरकारातून डॉन गास्पारे नावाचा नकाशे आखणारा आला आणि त्याने चार मैल खाली, समुद्राकडच्या उतारावर सरळ रस्ते आखले. मधोमध चौक, चौकात मोठे चर्च, भवती नक्षीदार सज्ज्यांची घरे.

"रस्ता आहे की अंजिरं वाळत घालायचं अंगण?" नुन्सियोची थोरली बहीण चिक्का म्हणाली. "समोरच्या बाईशी भांडायचं तर आता घोड्यावर बसून जावं लागेल."

सगळे हसले. नुन्सियो हसला नाही. त्याने माझे चेचलेले टोक कापले, नवा तुकडा जोडला, वितींनी मोजले आणि टोपी बसवली. खिळ्यांची भिंत तर वर डोंगरावर कोसळून पडली होती. पण त्याचा हात होता ना! त्याच हातावर गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. अंगठा बरा झाला असे तो समजत होता. तो पूर्वीसारखा ताणत नव्हता, हे त्याच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले. मित्रांनो, त्या दिवशी मी ओरडू शकले असते तर!

डॉन गास्पारेने आपली पितळी काठी पुढे केली. "मास्त्रो, तुमची काठी हिला लावून बघू या. दोन मिनिटांचं काम."

"साहेब, तुम्ही गाव खाली आणलंत, रस्ते सरळ केलेत," नुन्सियो म्हणाला. "निदान माप तरी आमचं राहू द्या."

गवंड्यांनी माना डोलावल्या. पुढे कोणी तो विषय काढला नाही.

पितळी काठीने चर्चचे खांब उभे राहिले. माझ्या मापाने कमानीचे दगड कापले गेले. कमान चार काठ्या रुंद, म्हणजे दगड चार बोटे आखूड. लाकडी सांगाड्यावर दगड रचताना फट राहिली. नुन्सियोने दगड कापणाऱ्यांना आळशी म्हटले आणि फटीत चिपा व चुना ठासून भरायला लावला.

चुन्याची घमेली विन्नेरा वाहत होती. सांगाडा काढायच्या आदल्या दिवशी ती बापाला म्हणाली, "बाबा, एवढा चुना तर अख्ख्या भिंतीला लागत नाही. आणि सांध्यात केसाएवढी चीर दिसतेय."

"तू चुना वाहा. चिरा बघायला मी आहे."

"उद्या कमानीखाली आपणच उभं राहायचंय."

"मग? घाबरलीस?"

आमच्याकडे रीतच तशी होती. कमानीखालचा सांगाडा काढताना गवंडी आपल्या घरच्या माणसांसकट खाली उभा राही. ज्याला आपल्या कामाखाली उभे राहवत नाही, त्याच्या कामाखाली गावाने का जावे?

दुसऱ्या दिवशी उजाडताच विन्नेराने मला खुंटीवरून काढले आणि ती डोंगराच्या वाटेला लागली. चढण उभी होती. जुन्या गावात पाऊल टाकायची बंदी होती, कारण अजून भिंती ढासळत. ती वाकून, हातांनी आधार घेत चर्चच्या ढिगापर्यंत गेली. खिळ्यांचा दगड पालथा पडला असता तर सगळे फुकट होते. पण तो उताणा पडला होता. तिने ओढणीने माती पुसली. दोन्ही खिळे जागेवर होते.

तिने मला मध्ये ठेवले. एक टोक खिळ्याला टेकले. दुसऱ्या टोकापाशी तिचे बोट सहज आत गेले.

खालून चौकातली घंटा ऐकू आली. तासाभरात काम सुरू होणार होते. मग ती धावली. मी तिच्या खांद्यावर आपटत होते, तिचा एक जोडा वाटेत राहिला.

आम्ही चौकात पोचलो तेव्हा सांगाड्याखाली ठोकलेल्या चार पाचरांपैकी दोन निघाल्या होत्या. कमानीखाली नुन्सियो उभा होता, शेजारी चिक्का खुर्ची मांडून बसली होती. वरून बारीक पांढरी भुकटी त्यांच्या खांद्यांवर पडत होती.

"आली बघ," चिक्का म्हणाली. "म्हटलं, पोरगी जीव घेऊन पळाली की काय."

"बाबा, थांबवा," विन्नेरा म्हणाली. तिला धाप लागली होती. "काठी एका बोटाने आखूड आहे."

नुन्सियोचा चेहरा दगडासारखा झाला. "कुणी सांगितलं? त्या साहेबाच्या पितळेनं?"

"नाही. मी वर गेले होते. आपल्या खिळ्यांत धरून पाहिली."

तिसऱ्या पाचरेवर हातोडा उगारलेला माणूस तसाच थांबला. अख्खे गाव बघत होते. नुन्सियोने मला तिच्या हातातून घेतले. त्याने मला फरशीवर ठेवले आणि गुडघे टेकून मोजायला लागला. पहिली वीत टाकताना त्याची नजर अंगठ्यावर गेली. ती तिथेच राहिली. दुसरी वीत त्याने टाकलीच नाही.

"पाचरा परत ठोका," तो म्हणाला. "हळू. चिक्का, ऊठ. सगळे चौकात जा."

"आता कुठे खुर्ची गरम झाली होती," चिक्का पुटपुटली, पण उठली. चालताना तिने भावाच्या बाहीला घट्ट धरले होते.

त्याने तिचा हात सोडवला. शेवटची पाचर ठोकून होईपर्यंत तो एकटा आत उभा राहिला. वर दगड कुरकुरत होते. त्या वेळेइतके लांब माझ्या आयुष्यात मी दुसरे काही मोजलेले नाही.

मग तो बाहेर आला आणि दगड कापणाऱ्यांसमोर उभा राहिला. "तुम्ही आळशी नव्हता. माझा हात आखडलाय," तो म्हणाला आणि अंगठा ताणून दाखवला. त्या सगळ्या गर्दीत कोणीही हसले नाही.

कमान एकेक दगड करून उतरवली. नवे दगड कापायला आठ महिने गेले. पुन्हा सांगाडा काढायचा दिवस आला तेव्हा कमानीखाली नुन्सियो होता, चिक्का होती, विन्नेरा होती. चारही पाचरा निघाल्या. भुकटीचा कण पडला नाही.

मला जाळून टाका, असे पुष्कळांनी सुचवले. नवा तुकडा जोडा, असेही कोणी म्हणाले. नुन्सियोने दोन्ही ऐकले नाही. त्याने मला कामाच्या जागेच्या दारावर टांगले आणि नव्याने शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो माझे टोक चाचपायला लावू लागला. नुन्सियो गेला, विन्नेरा म्हातारी होऊन गेली, आणि लोखंडी टोप्यांना गंज चढला. आता मला कोणी पुसतही नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. जुनी वस्तू टाकू नका. तिला प्रेमाने पुसा, तेल लावा. पण प्रेम आहे म्हणून तिला तपासायचे सोडू नका. माझ्या धन्याने माझ्यावर फार प्रेम केले आणि त्यापायी तो घरच्या माणसांसकट मरणार होता. घरी गेलात की ज्या वस्तूवर तुमचा डोळे मिटून विश्वास आहे, ती एकदा हातात घ्या आणि डोळे उघडे ठेवून मोजून पाहा.