खारट चिंधी

टण्ण.

दुपारची वेळ होती. सगळं घर निपचित पडलं होतं. वाऱ्यानं स्वयंपाकघराचं दार जरासं ढकललं आणि मी वाजले. चुलीपाशी पेंगणाऱ्या मांजरानं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. बाकी कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं. प्रत्येक वेळी वाटतं. वाजून झालं की कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

मित्रांनो, मी एका शेळीच्या गळ्यातली घंटा आहे, फार फार जुनी. आफ्रिकेच्या पश्चिमेला, समुद्रातल्या सांतियागो बेटावरच्या या घरात दाराला टांगलेली आहे. आपल्याच आवाजाची लाज वाटणारी घंटा तुम्ही पाहिली नसेल. म्हणून आज सांगायला बसले आहे.

माझा जन्म पोर्तुगालमधल्या एका लहान गावातला. गाश्पार नावाच्या लोहारानं लोखंडाचा पत्रा ठोकला, वाकवला, मला आकार दिला. मग माझ्या अंगावर पितळेचे तुकडे ठेवले, पेंढा मिसळलेल्या मातीत मला लिंपून टाकलं आणि भट्टीत घातलं. आत पितळ वितळून माझ्या अंगावर पसरलं. माती फोडून त्यानं मला बाहेर काढलं, पाण्यात बुचकळलं, लाकडाची जीभ बसवली. नंतर किती वेळ तो मला हलवत, मान कलती करून ऐकत बसला. इथे एक टोला, तिथे एक टोला. त्याची बायको बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. ती म्हणाली, "एवढा कान या पोराच्या रडण्याकडे दिला असता, तर मला दोन घास सुखानं खाता आले असते."

गाश्पार हसला. त्यानं मला अखेरचं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "ही तीन टेकड्यांपलीकडे ऐकू जाईल."

ते वाक्य मी उराशी धरलं. माझ्या आवाजाचा मला फार तोरा होता, मित्रांनो. ती माझी पहिली चूक.

त्या काळात पोर्तुगालची गलबतं आफ्रिकेला वळसा घालून तुमच्या मुलखाकडे, मिरीच्या किनाऱ्याकडे निघालेली असत. महिनोन् महिने नुसतं पाणी. पिंपातलं पाणी हिरवं पडे, खलाशांच्या हिरड्या सुजत. अशा वेळी भर समुद्रात उभं असलेलं आमचं बेट म्हणजे त्यांची पाणपोई. गोडं पाणी घ्यायचं, लिंबं घ्यायची, सरपण घ्यायचं, आणि मुख्य म्हणजे मांस घ्यायचं. त्यासाठी खलाशांची एक रीत होती. नवं बेट सापडलं, की माणसं वसवायच्या आधी तिथे शेळ्या सोडून द्यायच्या. शेळ्या वाढत. पुढच्या गलबताला ताटात मांस तयार. त्या शेळ्यांनी डोंगर बोडके करून टाकले, ती गोष्ट निराळी. ती कुणी मनावर घेतली नाही.

अशाच एका गलबतातून मी इथे आले आणि एका थोराड मादीच्या गळ्यात पडले. कळप राखायला मालांग नावाचा म्हातारा होता. समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तरुणपणी पकडून आणलेला, कळपाच्या मालकाचा गुलाम. त्या शेळीची ऐट बघून तो तिला 'बाईसाहेब' म्हणे. सकाळी वाडगं उघडताना विचारी, "काय बाईसाहेब, आज स्वारी कुणीकडे?"

स्वारी जाईल तिकडे कळप जायचा, कारण कळप माझ्या आवाजामागे चालायचा. गलबताचं शीड दिसलं की मालांग बाईसाहेबांना खाली रिबेरा ग्रांद गावात आणी. मी वाजत पुढे, कळपातल्या निवडक शेळ्या मागे. मोठ्या आवाराच्या फाटकातून सगळे आत जात. थोड्या वेळानं बाईसाहेब आणि मी तेवढ्या बाहेर येत असू. मागे कुणी नसे. मी कधी मागे वळून पाहिलं नाही. लोक म्हणत, काय गोड घंटा आहे. मी ते ऐकत ऐकत डोंगर चढे.

त्या आवारात मांस खारवण्याचं काम एक बाई करत असे. मालकाच्या घरातल्यांनी तिला ब्रिजिदा हे नाव दिलं होतं. तिचं स्वतःचं नाव तिदा. दिवसभर मांसाच्या तुकड्यांना मीठ चोळायचं, पिंपात थर लावायचे, पुन्हा मीठ. तिच्या बोटांच्या भेगा कधी भरत नसत. कमरेचं सुती वस्त्र खारानं ताठ झालेलं असे. तिला चार वर्षांची मुलगी होती, कुंबा. एके दिवशी घरातलं बोलणं तिदाच्या कानावर आलं. पोर आता विकण्याजोगी झाली आहे, पुढच्या गलबतावर चढवायची. त्याच संध्याकाळी तिदा मुलीला पाठीशी बांधून डोंगरात निघून गेली.

गावात दोन दिवस शोधाशोध झाली. मग सगळ्यांनी ठरवलं, की पडली असेल एखाद्या घळीत.

ती आमच्याच डोंगरातल्या एका घळीत होती. वरच्या अंगाला रानअंजिराच्या मागे एक कपार होती, तिथे. मालांगला ती चौथ्या दिवशी दिसली. आपल्या फडक्यातल्या बाजरीच्या कण्या त्यानं दगडावर ठेवल्या आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेबांची स्वारी सकाळी कपारीकडे वळू लागली. तिदा दूध काढी, कुंबा बाईसाहेबांच्या कपाळाला कपाळ लावून उभी राही. दूध पिऊन पोरीच्या ओठावर पांढरी मिशी उमटे, आणि तिदा ती बोटानं पुसून बोट स्वतः चाटे. त्या दिवसांत मी फार सुखात होते.

पण अडचण माझीच होती. त्या घळीत चारा नव्हता, तिथे कळप जायचं कारण नव्हतं. रोज सकाळी तिथून माझा आवाज आला असता, तर एखाद्या दिवशी कुणालातरी नवल वाटलंच असतं.

"काढून ठेवू का हिला, मामा?" तिदानं विचारलं.

मालांग म्हणाला, "काढू नको पोरी. मुकादम आधी बाईसाहेबांचा गळा बघतो, मग माझं तोंड. घंटा नाही दिसली तर माझ्या पाठीचं कातडं काढील. तोंडात काहीतरी कोंब तिच्या."

पहिल्या दिवशी तिदानं माझ्यात गवत कोंबलं. शेळ्यांनी ते खाऊन टाकलं. मालांगला हसू आवरेना. तो म्हणाला, "शहाणे, शेळ्यांच्या घरात गवताचं कुलूप लावतेस?" मग तिनं चिखल भरला, तो वाळून गळून पडला. शेवटी तिनं खूप विचार केला. शेळ्या खाणार नाहीत, गळणार नाही, असं काय? तिनं कमरेच्या वस्त्राची एक चिंधी फाडली आणि माझ्या जिभेभोवती गच्च गुंडाळून आत ठासली.

त्या चिंधीत तीन वर्षांचं मीठ मुरलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. रोज मिठात वावरणाऱ्याला मिठाचा वास येईनासा होतो. आणि त्या कोरड्या डोंगरावर शेळ्यांना मिठाइतकं दुसरं काही प्रिय नव्हतं.

दिवसभर त्या माझ्या तोंडाशी घुटमळत. चिंधीचं टोक चाटत, ओढत. मला कळत होतं. गाठ रोज थोडी सैल होत होती. मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला किती वेळा म्हटलं आहे. पण खरं सांगू? मुकेपणाचा मला वीट आला होता. तीन टेकड्यांपलीकडे जाणारी मी, आणि तोंडात बोळा.

मग एक मोठं गलबत अचानक बंदरात आलं. त्याला घाई होती. वारा फिरायच्या आत निघायचं होतं. मालांगला सरपण वाहायला किनाऱ्यावरच अडकवलं आणि शेळ्या आणायला मुकादम ब्राझ दोन माणसं घेऊन स्वतः डोंगर चढला. एरवी तो कधी येत नसे. त्याला कळप कुठे चरतो हेही नीट ठाऊक नव्हतं. ती माणसं भलत्याच टेकडीवर भटकत होती, दमून शिव्या देत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर रिकाम्या हातानं परतली असती.

कपारीपाशी तिदा दूध काढत होती. एका करड्यानं माझ्या तोंडातली चिंधी दातात धरली आणि हिसडली. ती निघाली. बाईसाहेबांनी मान झटकली.

मी वाजले.

मित्रांनो, आता जे सांगते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी घसा मोकळा झाला. घळीच्या दोन्ही भिंतींवरून माझा आवाज उलटून आला, आणि क्षणभर मी फक्त तोच ऐकला. किती छान वाजते मी अजून, असं माझ्या मनात आलं. तिदानं झेप घेऊन मला मुठीत धरलं. तोवर पलीकडच्या टेकडीवरून कुणीतरी म्हणालं होतं, "त्या तिकडे."

तिदानं कुंबाला कपारीच्या आत सारलं, तिच्या ओठांवर हात ठेवला, काहीतरी कानात सांगितलं. मग ती स्वतः उठली आणि बाईसाहेबांचा पट्टा धरून, कळप मागे घेऊन घळीतून खाली, सरळ त्या माणसांच्या दिशेनं चालत गेली. पळाली नाही. त्यांनी वर येऊ नये म्हणून ती खाली गेली.

ब्राझ आधी दचकला, मग हसला. "मांस न्यायला आलो, तर मीठ लावणारी पण सापडली," तो आपल्या माणसांना म्हणाला. "पोर कुठं आहे?"

"मेली," तिदा म्हणाली. "ताप आला होता."

तिनं एकदाही वर पाहिलं नाही. ते तिला आणि कळपाला घेऊन उतरले, आणि कळप उतरला तो माझ्याच आवाजामागून. वाटभर तिच्यापुढे मी वाजत होते. तिला मालकाकडे ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी निघणाऱ्या एका दुसऱ्या गलबतावर चढवलं. ते कुठे गेलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

कुंबाला मालांगनं वाढवलं. डोंगरात तिला लेकी झाल्या, लेकींच्या लेकी झाल्या. बाईसाहेब गेल्या, गळ्यातला पट्टा कुजला, मी हातोहात फिरत राहिले. कधी कुणी माझ्यात बी साठवलं, कधी पोरांनी मला दगडासारखं भिरकावलं. कित्येक वर्षं मी जमिनीत पडून होते. ते दिवस मला बरे वाटले. आता या दाराला टांगलेली आहे. पाहुणे येतात, बोटानं मला हलवतात, किती मंजुळ म्हणतात. एकदा एक जण म्हणाला, जुन्या दर्यावर्दींच्या पराक्रमाची ही आठवण. माझ्या लोखंडाला घाम फुटला.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख करू नका, एवढंच मागणं आहे. गंज राहू द्या. आणि तुमच्या हाती कधी एखादी गोड आवाजाची वस्तू आली, एखादी गोड स्तुती आली, तर ती कुणाला कुठे घेऊन जाते आहे, ते वळून पाहा. मी पाहिलं नाही.

एक गोष्ट राहिली. तिदाला नेलं त्या संध्याकाळी मालांग बाईसाहेबांना आणि मला घेऊन धापा टाकत वर आला. कुंबा कपारीत होती, आईनं सांगितल्याप्रमाणे अजून तोंड घट्ट मिटून बसलेली. त्यानं तिला उचललं, पाणी पाजलं. तो माझी जीभ उपटून टाकणार होता. त्याचा हात माझ्यापर्यंत आला, पण तिथेच थांबला. मग तिसऱ्या दिवशी तो तिला घेऊन कड्यावर बसला होता. खाली गलबताची शिडं उघडत होती. तिथे आई आहे, हे त्यानं तिला सांगितलं असावं. बाईसाहेब शेजारी उभ्या होत्या. कुंबा आली, तिनं मला दोन्ही हातांत धरलं आणि वाजवू लागली. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून वाजवू लागली. मालांगनं तिला अडवलं नाही. दमली तेव्हा थांबली, माझ्या तोंडाशी तोंड आणलं आणि हळूच विचारलं,

"एवढ्यानं ऐकू गेलं असेल का गं आईला?"