वाळ्याची ताटी

चाँद पाशा माळवदावर चढला आणि सवण्यात त्यानं गोणपाट कोंबलं. छताला उजेडासाठी ठेवलेलं ते भोक. घराला खिडकी नव्हतीच, वर हे सवणं आणि खाली एक दार, एवढंच. गोणपाटावर त्यानं दगड ठेवला, कडेनं चिखल लिंपला आणि फट राहिली का ते हात फिरवून पाहिलं. खाली आता जो गारवा होणार तो वरून निसटू नये, म्हणून ही खबरदारी.

खाली त्याची बायको खुर्शीदबी तापानं फणफणत पडली होती. डोंगरकडा गावी बहिणीच्या घरचं लग्न उरकून ती आदल्या दिवशी भर दुपारी बैलगाडीनं हिंगोलीला आली होती. गाडीवाला म्हणत होता, ऊन उतरू द्या. पण बाईला घराची ओढ. रात्रीपासून अंग इतकं तापलं, की हात लाववेना. लेक जैनबबी उशाशी बसून तिच्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होती. शेजारणी सांगून गेल्या, की समोरच्या लिंबाखाली बाज टाका, ओलं फडकं अंगावर घाला, कैरीचं पन्हं पाजा. सगळं जग हेच करत आलं होतं. पण लिंबाखाली काय, कोणीही झोपतं. चाँद पाशा म्हणजे कोणी साधासुधा माणूस होता का? साऱ्या छावणीत नाव असलेला ताटीवाला होता तो.

आणि हातात कसब होतंच त्याच्या, ते नाकारून चालणार नाही. बांबूच्या कामट्यांची चौकट करायची, तिच्यात वाळ्याची मुळं दाबून विणायची. फार दाट विणली तर वारा अडतो, विरळ विणली तर झळ तशीच आत शिरते. कयाधूच्या काठचा वाळा नुसता हुंगून तो जुना-कोवळा सांगायचा. अशी ताटी दाराला लावून तिच्यावर पाणी मारत राहिलं, की बाहेरची लू, म्हणजे उन्हाळी गरम वारा, ओल्या मुळांतून गाळला जातो आणि आत पोचेपर्यंत गार होतो, वर वाळ्याचा वास. छावणीतल्या एका जुन्या बंगल्यात रस्त्यांच्या खात्याचे एक इंजिनेर राहत होते. त्यांच्या पश्चिमेच्या दाराला चाँद पाशा पंधरा उन्हाळे ताटी बांधत होता, आणि अकरापासून पाचपर्यंत बाहेर उन्हात उभा राहून डब्यानं पाणी मारत होता. आत छताला झालरीचा पंखा. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून मागच्या ओसरीवर जायची. तिथं रखमाजी बसून ती ओढायचा. पुढं एक, मागं एक, आणि मधल्या खोलीत साहेब घोरत असायचे.

त्या खोलीत मात्र चाँद पाशानं पाऊल टाकलेलं नव्हतं. ओल्या पायांनी आत यायचं नाही असा साहेबांचा हुकूम होता, आणि ताटी चालू असली की याचे पाय ओले नसतील कसे? साहेब कधी बाहेर यायला ताटी सरकवत, तेव्हा पायाच्या नळीला गार झुळूक लागायची. पंधरा वर्षांत त्या गारव्याशी त्याची ओळख काय ती एवढीच. खुर्शीदबी दर उन्हाळ्यात चिडवायची, की दुनियेला थंड करता आन् घरची माणसं भाजून निघतात; एकदा मला बी बसवा की त्या हवेत. तो हसून म्हणायचा, बसवीन. आता साहेब चार दिवस दौऱ्यावर होते, गेल्या सालची उतरवलेली ताटी अंगणात पडून होती, पश्चिमेचं वारं सुटलं होतं. अल्लानंच योग जुळवून आणला असं त्याला वाटलं.

त्यानं ताटीची दोन मुळं बदलली, ती दारात बसवली, कडेच्या फटींत चिंध्या सारल्या. आत मायलेकी. विहिरीवरून चार घागरी आणून त्यानं पाणी मारायला सुरुवात केली. मुळं भिजली, वास सुटला, गल्लीतली माणसं थांबून पाहू लागली. चाँदनं घरात बंगला केला, असं कोणीतरी म्हणालं. त्याला ते आवडलं. बायको तापात पडलेली असतानाही आवडलं, हे सांगायलाच हवं.

घटका गेली असेल. आतून खुर्शीदबीचा आवाज आला.

"ओ, काढा ना हे. जीव कोंडून राहिला माझा."

"पाणी कमी पडून राहिलं," तो म्हणाला. "दम धर जरा. आत्ता गार व्हतंय."

त्यानं ताटीला तळहात लावून पाहिला. थंडगार. हाताला जे लागतं ते खोटं कसं असेल? त्यानं आणखी दोन घागरी रिचवल्या.

मग ताटी बाजूला सारून जैनब बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, ओढणी पिळून काढावी इतकी भिजलेली. तो घाम होता. याला वाटलं, आपल्या पाण्याचे शिंतोडे.

"अब्बा, आत भट्टी झाली. अम्माला लिंबाखाली न्या."

तो तिच्यावर खेकसला. ताटी अशी सरकवली तर केलेला सगळा गारवा बाहेर जातो, तापाच्या माणसाला बसल्या जागी घुसमटतंच, पंधरा साल हे काम कोण करून राहिलं, तू का मी? पोरीनं एकदा लिंबाकडं पाहिलं, एकदा बापाकडं, आणि ती आत गेली. बापाच्या पुढं बोलायची रीत त्या घरात नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. इथं बैल कुठला, घरच रिकामं व्हायचं होतं.

तिसऱ्या प्रहरी आतली हाक बंद झाली. झोप लागली, असं त्यानं शेजाऱ्यांना हलक्या आवाजात सांगितलं आणि डबा वाजू न देता पाणी मारत राहिला. मगरिबच्या नमाजाआधी ताटी काढून तो आत गेला, तेव्हा जैनब भिंतीला टेकून अर्धवट शुद्धीत होती आणि खुर्शीदबी गेलेली होती. दारातून वाफेचा लोट त्याच्या तोंडावर आला होता. तो त्याला जाणवला नाही. जाणवला असेल तर तापाचाच समजला.

तिसऱ्या दिवशी कबरीवर जियारत झाली. ऊन लागून गेली, असं सगळेच म्हणत होते, आणि तेही खरंच होतं. चाँद पाशा मात्र येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगायचा.

"तिची लई विच्छा व्हती. गार हवेत गेली बिचारी. साहेब लोकांच्या नशिबाला असती तशा हवेत."

लोक माना हलवायचे. दुःखात एवढा तरी आधार असला म्हणजे माणूस तगतो. जैनब आतल्या बाजूला बायकांत बसलेली असायची. ती हे ऐकायची आणि ओढणी कपाळावर पुढं ओढायची.

चौथ्या दिवशी साहेब परतले आणि चाँद पाशाला बोलावणं आलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. त्यानं ताटी लावली, पाणी मारू लागला. तासाभरात साहेब सदऱ्याच्या गुंड्या सोडत बाहेर आले आणि त्यांनी त्याला फैलावर घेतलं. सडका वाळा घातलास, आत बसवत नाही, श्वास घेता येत नाही. यानं मान खाली घातली आणि पाणी वाढवलं. साहेब दुसऱ्यांदा बाहेर आले ते शिवी देतच, आणि ओसरीवर खुर्ची टाकून बसले. काय चुकलं ते चाँद पाशाला समजेना. ताटीची वीण न् वीण त्यानं बोटांनी तपासली. ती बिनचूक होती.

रखमाजी पुतणीच्या लग्नाला हिंगोलीजवळच्या गोरेगावला गेला होता, त्याच्या जागी मसाजी नावाचा नवा गडी होता. दुसऱ्या दिवशी रखमाजी आला, मागच्या ओसरीवर गेला आणि तिथूनच मसाजीच्या नावानं बोटं मोडायला लागला. थोड्या वेळानं साहेबांचं घोरणं ऐकू आलं. संध्याकाळी हात-पाय धुताना चाँद पाशानं त्याला विचारलं, की काय केलंस.

"काय करायचं? मागली खिडकी उघडली," रखमाजी म्हणाला. "आतली दमट हवा त्या खिडकीतून भायेर येती, समदी माझ्या थोबाडावर. पंधरा साल झाले, खातोय. त्या मसाजीला सोसली न्हाई, त्यानं लावून घेतली."

"आन् लावली तर?"

"तर काय. तुझ्या ताटीतनं वारं आत यायचं कसं? निघाया वाट असंल तरच शिरंल ना ते. तू पाणी मारत बसायचं आन् आत नुसती वाफ. माणूस उकडून मरंल." रखमाजी पाय पुसत होता. मग त्याला आठवलं आणि त्यानं आवाज खाली आणला. "वहिनीचं कळलं मला गोरेगावात. ऊन लागलं म्हणं."

चाँद पाशानं पायांवर ओतायचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "व्हय."

पंधरा उन्हाळे दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राबले, संध्याकाळी एका हौदावर पाय धुतले, बिड्या ओढल्या, पोरांची लग्नं बोलले. त्या खिडकीचं बोलायचं कारणच कधी पडलं नव्हतं.

तो घरी आला तेव्हा जैनब चुलीपुढं भाकरी थापत होती. तो दारातच बसला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, तो तसाच राहिला.

"जैनब."

"जी अब्बा."

"त्या दिशी... तू आत व्हतीस. आत गार व्हतं का गं?"

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तशी तिनं ती उलटली.

"व्हय अब्बा," ती म्हणाली. "गार व्हतं. हात धुवा, जेवून घ्या."