थोडा फरक आहे

पहिल्यांदा अंगाची लाही झाली तेव्हा तिनं मेकॅनिकला बोलावलं.

दुसरं करणार काय? लाँड्रीत ती दिवसभर वाफेच्या प्रेससमोर उभी. कॉलर पसर, झाकण दाब, फुस्स. एके दुपारी गळ्यापासून वर अशी आग चढली की तिला वाटलं, यंत्र कुठंतरी गळतंय. मेकॅनिकनं प्रेस उघडली, पाहिली, बंद केली. आठवड्याभरात पुन्हा बोलावणं. तिसऱ्या खेपेला त्यानं पाना खाली ठेवला.

"वहिनी, हे मशीन माझ्यापेक्षा धडधाकट आहे. गरम दुसरंच काहीतरी होतंय."

आणि स्वतःच लाजून हत्यारं आवरायला लागला.

पाळी जायचं वय, एवढंच. पण सांगायचं कुणाला? नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक रविवारी फोन करायची, तोही भांडी घासता घासता. "बरी आहेस ना?" "बरी आहे." पलीकडे नळ चालूच.

•

औषधवाली मात्र काउंटरवरून पुढं वाकली. आवाज खाली आणला.

"रात्री घाम येतो?"

"उशी भिजते."

"आणि झोप?"

"ती कुठली यायला."

औषधवालीनं एक बाटली ठेवली. लेबलवर पिवळं फूल. "ईव्हनिंग प्रिमरोज. संध्याकाळी उमलतं म्हणे, त्याच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल. खोटं नाही सांगत, काही बायकांना गुण येतो, काहींची नुसती बाटली संपते. फिट येतात का कधी? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत? नाही ना? मग बघा घेऊन. पण पुढच्या महिन्यात येऊन मला सांगायचं."

येऊन मला सांगायचं.

घरी पोचेपर्यंत ती तेच घोळवत होती.

•

थंडीत झळा थांबल्या. तेलानं थांबल्या की आपोआप, देव जाणे. तिनं कॅप्सूल घेणं सोडलं.

दुकानात जाणं सोडलं नाही.

•

वाटेवर, दर महिन्याला, ओठातल्या ओठात:

"एकदम बरं आहे."

(नको. म्हणेल, मग आता बंद करा.)

"काडीचा उपयोग नाही."

(हेही नको. म्हणेल, मग कशाला घेता?)

"थोडा फरक आहे."

(हां.)

•

थोडा फरक म्हणजे तारेवरची कसरत. एका महिन्यात उशी कोरडी, पण झोप उडालेली. पुढच्या महिन्यात झोप येते, पण सांधे धरतात. लक्षणं संपत आली तेव्हा तिनं धडधड काढली. ती शेजारणीची होती. औषधवाली ऐकायची, मान हलवायची, मागच्या खेपेचं आठवून विचारायची. "सांध्यांचं काय मग?" मागच्या खेपेचं कुणीतरी लक्षात ठेवलंय, एवढ्यावर तिचा महिना निघायचा.

कॅप्सूल ती टाचणीनं फोडायची आणि वाफेनं भेगाळलेल्या हातांना तेल चोळायची. हात लोण्यासारखे झाले होते. हे मात्र सांगता येत नव्हतं.

•

मग त्या दिवशी औषधवालीनं बाटली काढलीच नाही.

"आज नाही देणार. इतके महिने झाले, तुमचं आपलं थोडा फरक, थोडा फरक. त्यात ही धडधड. मला घोर लागलाय तुमचा." तिनं एक चिठ्ठी पुढं सरकवली. "या डॉक्टरीणबाई. मी बोलून ठेवलंय. उद्या हृदयाची पट्टी काढतील, मग बघू."

शेजारणीच्या धडधडीसाठी आता हिच्या छातीला वायरी लागणार होत्या. तिनं चिठ्ठीला हात लावला नाही.

"मला काही झालेलं नाही."

"सगळ्याजणी असंच म्हणतात."

"नाही, खरंच. थंडीतच थांबलं सगळं. धडधड तर कधी नव्हतीच."

औषधवालीनं चिठ्ठी मागं ओढली. "मग दर महिन्याला मला काय सांगत होता?"

"तुम्ही विचारत होतात."

"अहो, मी तुमचं उदाहरण देत होते लोकांना! एक लाँड्रीतल्या बाई आहेत, त्यांना हळूहळू गुण येतोय, धीर सोडू नका. या बसल्यात ना, यांनाही तेच सांगितलं."

बाकावरची बाई पाकिटानं वारा घेत होती. मांडीवर तीच बाटली, पिवळ्या फुलाची. तिचा हात थांबला.

"तुम्हीच का त्या?"

"मीच."

"मग? पडतो की नाही फरक?"

उत्तर जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं. "मला नाही सांगता येणार. थंडीपासून मी घेतच नव्हते."

"आणि मी रोज तुमच्या भरवशावर घेतेय. म्हटलं, त्यांना पडला, मलाही पडेल." बाई हसली, पण हसण्यासारखं नाही. गळ्याशी घामाचे थेंब जमले होते. बाटली काउंटरवर ठेवून ती निघून गेली.

औषधवालीनं चिठ्ठीचे तुकडे केले, बारीक बारीक.

"पुढं कोण?"

मागं कुणीच नव्हतं.

•

पुढच्या महिन्यात ती कापूस घ्यायला गेली. कापूस काय, कुठंही मिळतो.

त्या दिवसापासून तिची झोप खरोखरच उडाली होती. छताकडे बघत पडून राहायची, आणि छातीत, शेजारणीनं सांगितली होती अगदी तशी, धडधड व्हायची. या वेळी वाटेवर काही घोळवावं लागलं नाही.

औषधवालीनं कापूस पिशवीत घातला. सगळ्यांना विचारायची तसं विचारलं, "आणखी काही?"

तिनं तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली.