गाडीमागची जागा

दगडखाणीत डंपर कड्यापर्यंत मागे घ्यायचं काम मी अकरा वर्षं करते आहे. ड्रायव्हरने माझ्या हाताकडे बघायचं. हात बोलावेल तेवढंच मागे यायचं, हात आडवे झाले की जागच्या जागी थांबायचं. एखाद्याची नजर सारखी भरकटत असेल तर मी सरळ मुकादमाला सांगते, या माणसासाठी मी उभी राहणार नाही. अशा दोघांना आजवर कड्याच्या कामावरून हलवलं आहे. आणि मी स्वतः गाडीच्या मागे कधीच उभी राहत नाही. कायम बाजूला, आरशात दिसेन अशी.

आमच्या ह्यांना हे सगळं तोंडपाठ आहे, कारण जेवताना मी दुसरं बोलतच नाही.

नवा पिकअप ट्रक दारात येऊन आठ दिवस झाले होते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, म्हणजे एक उरला होता, आणि तो नेमका रविवार निघाला. चारही चाकांना इंजिनची ओढ असलेली गाडी डांबरी रस्त्यावर फिरवणं म्हणजे तिचा अपमान, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून जंगलातली, लाकूड वाहणाऱ्या गाड्यांची जुनी वाट धरली. मागच्या सीटवर सासरे होते. गुडघ्याच्या ऑपरेशनला तीनच आठवडे झालेले, पाय आडवा ठेवलेला, शेजारी कुबडी. त्यांना खाली उतरवायला दोन माणसं लागत. "घरचं छत बघून बघून कंटाळलो," म्हणाले, म्हणून आणलं.

वाट अरुंद होत गेली तशी झाडी काचांना घासायला लागली. गाडीचा सेन्सर प्रत्येक फांदीला किंचाळायचा. "डोकं उठवलं नुसतं," म्हणत ह्यांनी तो बंद केला. मग फारच शांत झालं. एवढ्या जंगलात एक पाखरू बोलत नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण गप्प बसले. सकाळपासून दोनदा टोकून झालं होतं, आणि दोन्ही वेळा "ही काय खाण आहे का?" हे ऐकून झालं होतं.

एका वळणानंतर वाटेवर अख्खं झाड आडवं पडलेलं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल दरी. थोडं पुढे, थोडं मागे करत गाडी वळवायला हवी होती. मी उतरले.

"उतरतेस कशाला? मागे कॅमेरा आहे, स्क्रीनवर सगळं दिसतं," हे म्हणाले.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" सासरे मागून म्हणाले. "ती उभी आहे ना, तिच्याकडे बघ."

हे हसले आणि काच वर केली.

कड्याशी जाऊन मी वाकून बघितलं. वरून पाचोळ्याने झाकलेली सपाट जमीन, पण खालची माती केव्हाच वाहून गेलेली. मुळं हवेत लोंबत होती. शेवटचा दोन हात रस्ता नुसता त्या मुळांवर उभा होता. मी बाजूला आले आणि दोन्ही हात आडवे केले. गाडी मागे येत राहिली. ओरडले, पण काच बंद आणि आत गाणी. आरशात मला ह्यांचा चेहरा दिसत होता. नजर स्क्रीनवर होती. स्क्रीनला पाचोळा दिसतो, पाचोळ्याखाली काय आहे ते दिसत नाही.

अकरा वर्षांत केलं नाही ते मी केलं. गाडी आणि कडा यांच्या मधे जाऊन, हात आडवे धरून उभी राहिले. आता स्क्रीनवर माझ्याशिवाय दुसरं काही दिसणं शक्य नव्हतं. पायाखालची जमीन गादीसारखी दबत होती. मला भीती वाटत होती. गाडी हळूहळू आली, पण आली. बंपर मांडीला टेकला. मी अर्धं पाऊल मागे सरकले. तेवढ्यात सासऱ्यांनी मान वळवली, मागच्या काचेतून मला पाहिलं आणि कुबडीने पुढच्या सीटवर दणके घातले.

गाडी थांबली. थोडी पुढे गेली. हे उतरून आले, "काय झालं?" म्हणत. एक मोठा धोंडा उचलून मी उभी होते त्या जागी टाकला. जागा धोंड्यासकट खाली गेली. आवाज यायला वेळ लागला.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"स्क्रीनवर मी दिसले नाही का?" मी विचारलं. ह्यांनी नाही म्हणावं, असं मला फार वाटत होतं. कॅमेऱ्यावर चिखल उडाला होता म्हणावं, काहीही म्हणावं.

"दिसलीस की," हे म्हणाले. "वाटलं, होशील बाजूला."

अगदी सहज म्हणाले. सासरे दुसरीकडे बघायला लागले.

गाडी अजून वळायची राहिली होती. "आता तू सांगशील तसं," म्हणून हे आत बसले. मी पक्की जमीन बघून बाजूला, आरशात दिसेन अशी उभी राहिले. खाणीत असते तर मुकादमाला सांगितलं असतं, या माणसासाठी मी उभी राहणार नाही. इथे कुणाला सांगणार? मी हात वर केला आणि ह्यांना मागे बोलावलं.