शुक्रवारी थंड पडलेला इनक्युबेटर

मित्रांनो, अंबरनाथच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गंजलेलं पांढरं कपाट दिसतं, ते मी. कपाट म्हणू नका मात्र, तेवढा मान ठेवा. मी एक जुना इनक्युबेटर आहे. माझ्या पोटात माणसाच्या अंगाएवढी ऊब असते आणि त्या उबेत विद्यार्थी जंतू वाढवतात. मला सुखदुःख फारसं जाणवत नाही. वर्षानुवर्षं एकच तापमान धरून बसलं की असं होतं.

जन्म उल्हासनगरचा, कॅम्प दोनमधल्या एका वर्कशॉपातला. बनवणाऱ्या सिंधी शेठनी माझ्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाले, "साईं, दिखने में देसी, काम में फॉरेन!" कॉलेजात आलो तेव्हा हार घातला, नारळ फोडला. पाहुणे आले की आधी मलाच दाखवायचे. पुढे नवी यंत्रं आली आणि माझ्या डोक्यावर रद्दी चढली. खालच्या कप्प्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख भारती मॅडम दही लावू लागल्या. 'प्रयोगशाळेत खाण्याचे पदार्थ आणू नयेत' ही पाटी त्यांनीच लावलेली, पण मॅडमना कोण बोलणार? थंडीत त्यांच्या बदलापूरच्या घरी दही लागत नाही, माझ्याकडे हमखास लागतं.

माझी एक खोड आहे. लाईट गेली की मी बंद पडतो आणि परत आली तरी आपोआप सुरू होत नाही. लाल बटण दाबावं लागतं. आणि इकडे शुक्रवारी लाईट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या हिवाळ्यात नेत्रा नावाची विद्यार्थिनी माझ्याकडे एक जंतू घेऊन आली. तिची मोठी बहीण माधवी वांगणीकडे दिलेली. माधवीचं बाळ जन्मून काही दिवसांतच गेलं. त्याच्या रक्तात सापडलेला हाच तो जंतू, दवाखान्याने अभ्यासासाठी कॉलेजला दिलेला.

"मॅडम, ताईची सासू सगळ्या गावाला सांगत सुटलीय," नेत्रा म्हणाली. "म्हणते, हिच्या रगतातच जीव नाय, त्येच पोराला उतरलं. तिला कायमची माहेरी पाठवणार आहेत. महेशभावजी तर तोंडच उघडत नाहीत."

"मग बघू या ना तिच्या रक्तात काय आहे," मॅडम म्हणाल्या.

रक्त गोठलं की पिवळसर पाणी सुटतं. त्याला सीरम म्हणतात. त्यात जंतूंना भोकं पाडून मारणारे पदार्थ असतात. बुधवारी माधवी आली. दंड पुढे केला, सुई टोचली तरी तिने तिकडे पाहिलं नाही. नेत्राने माझ्याकडे वाढलेले जंतू तिच्या सीरममध्ये सोडले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जंतू मजेत जिवंत!

"थांब, तुलनेला तुझंही रक्त लागेल," मॅडम म्हणाल्या. म्हणून शुक्रवारी सकाळी नेत्राने नवे जंतू माझ्यात वाढायला ठेवले. मॅडमनी खाली दह्याचं पातेलं सरकवलं. लाईट गेली, संध्याकाळी आली, पण बटण कुणी दाबलं नाही. मी थंडगार पडलो. शनिवारी सकाळी झाडलोट करताना बनूबाईंनी माझा दिवा विझलेला पाहिला, बटण दाबलं आणि त्या निघून गेल्या. नेत्रा आली तेव्हा मी पुन्हा गरम होतो, म्हणून तिने तेच जंतू बिनधास्त आपल्या सीरममध्ये सोडले.

सोमवारी निकाल आला. नेत्राच्या सीरममध्ये सगळे जंतू मेले होते.

नेत्रा स्टुलावर बसूनच राहिली. "म्हणजे सासू खरं बोलत होती, मॅडम. माझं रक्त मारतं, ताईचं मारत नाही. आता तिला काय तोंडाने सांगू?"

मला माहीत होतं, पण मला तोंड कुठे आहे? त्या वेळी मात्र मला खरंच वाईट वाटलं.

मॅडम टेबल आवरू लागल्या. "शनिवारपासून सगळं बिनसलंय बघ," त्या पुटपुटल्या. "माझं दहीसुद्धा दूधच राहिलं..." आणि एकदम थांबल्या. "नेत्रा, तुझ्या सीरममध्ये सोडलेले जंतू कधी वाढायला ठेवले होतेस?"

"शुक्रवारी."

"अगं बाई! शुक्रवारी! हा इनक्युबेटर गारठला होता!"

मग त्यांनी समजावलं. अंगाच्या उबेत वाढला की हा जंतू अंगावर जाड आवरण चढवतो, मग सीरमचं त्याच्यापुढे काही चालत नाही. गारठ्यात वाढला की तो उघडाच राहतो आणि पटकन मरतो. दोघी बहिणींच्या रक्ताला एकसारखा जंतू मिळालाच नव्हता. "पाटी माझी आणि पातेलंही माझंच," असं म्हणून मॅडमनी दही लावणं बंद केलं.

प्रयोग पुन्हा केला. या वेळी सासू गोदूबाई स्वतः आल्या. "माजंबी घ्या. माजं रगत चांगलं हाय," म्हणाल्या. जंतू एकाच दिवशी, एकाच उबेत वाढवले. निकालाच्या दिवशी माधवीही आली. नेत्राने दोघींसमोर तीन काचेच्या ताटल्या मांडल्या, एक स्वतःच्या, एक माधवीच्या आणि एक गोदूबाईंच्या रक्ताची. तिन्हींत जंतूंचे ठिपके भरून होते.

"ह्यातली माजी कंची?" गोदूबाईंनी विचारलं.

"ही मधली. तुमच्याही रक्ताने एकसुद्धा मेला नाही, मावशी."

गोदूबाईंनी वाकून ती ताटली नीट पाहिली. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "चल गं माधवी, घरी."

माधवी जागची हलली नाही. "आज नाही येणार. आईकडे जाते. गावाला जे सांगितलंत ते खोटं होतं, हे आधी गावाला सांगा. मग न्यायला या."

मित्रांनो, या जागी मी यंत्रांची काळजी घ्या असं सांगायला हवं. घ्याच. पण माझ्यासमोर त्या बाईचं रक्त दोनदा काढलं आणि तिच्या रक्तावर सगळे बोलले. पोरी, तू जेवलीस का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. तुमच्या घरी अशी कुणी असेल, तर तुम्ही विचारा.