साईचं जावळ

गोरक्षने चपला काढल्या, कळवणहून आणलेलं नवं झबलं-टोपडं बहिणीच्या, प्रतिभाच्या हाती दिलं आणि भाच्याला मांडीवर घ्यायला तो पाटाकडे वळला. पाटावर रंगनाथ आधीच बसलेला होता. रंगनाथ म्हणजे ललिताचा भाऊ, आणि ललिता म्हणजे प्रतिभाची धाकटी जाऊ. साई त्याच्या मांडीवर खुशाल बसून शेतातल्या झेंडूची फुलं कुस्करत होता.

जावळाला पोर सख्ख्या मामाच्या मांडीवर बसतं, हे मखमलाबादेत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"मावशी, माझी जागा गेली वाटतं," गोरक्ष हसत म्हणाला. हसलं कोणीच नाही.

"बसू दे त्याला. पोर वळखतं त्याला," प्रतिभाच्या सासूबाई, कलाबाई म्हणाल्या.

प्रतिभाने नवऱ्याकडे पाहिलं. समाधानला नेमकं तेव्हाच न्हाव्यासाठी पाणी आणायचं सुचलं.

सातव्या महिन्यात तिच्या छातीत गाठ निघाली होती. बाळंतपण झालं, केमो सुरू झाली आणि डॉक्टरांनी अंगावर पाजायला बंदी केली. त्याच सुमाराला ललिताचं बाळ पोटातच गेलं. तिचा पान्हा थांबेना. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, बाळाचं तुम्ही बघा, तिला फक्त बरं होऊ द्या. घराने हा सल्ला असा काही मनावर घेतला की बोलायची सोय नाही. साई ललिताचं दूध प्यायचा, तिच्याच कुशीत झोपायचा. प्रतिभा दारातून बघायची आणि बरी होत राहायची. शेवटचे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा घरात कुणी साखरसुद्धा वाटली नाही.

तिने कलाबाईंना बाजूला घेतलं.

"आई, गोरक्ष इतक्या लांबून आलाय. बसू द्या ना त्याला."

"तू दवाखान्यात व्हती तव्हा ललिताला शब्द दिलाय आम्ही. समाधाननंच दिला. पोर तुझंच समज म्हणून."

"पण मी बरी झालेय आता."

"तू वाचशील असं कुणाला वाटलं व्हतं, बाई?" हे त्या अगदी मायेने म्हणाल्या. "तिचं एक गेलंय. आता दुसरं कसं काढून घ्यायचं?"

गोरक्षने सगळं ऐकलं होतं.

"ताई, उचल त्याला. आत्ता निघू," तो हळूच म्हणाला.

ती पाटाजवळ गेली आणि तिने हात पुढे केले. साईने तिच्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि शेजारी बसलेल्या ललिताच्या पदरात तोंड खुपसलं. ललिताने मान वर केली नाही. प्रतिभाचे हात तसेच राहिले, मग खाली आले.

न्हाव्याने वस्तरा उघडला.

"केस भुईवर पडू द्यायचे नाय. आत्या कुठंय झेलायला?"

"आत्या नाय आमच्याकडं," कलाबाई म्हणाल्या. "काकू झेलंल की."

प्रतिभा ललिता उठायची वाट पाहत राहिली. ललिताने साईची हनुवटी दोन्ही हातांत नीट धरली आणि ती जागची हलली नाही. समाधान पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकला होता. बाकी सगळे प्रतिभाकडे बघत होते.

"या काकू, पुढं या," न्हावी म्हणाला.

पहिली बट सुटली, तेव्हा खाली प्रतिभाचा पदर पसरलेला होता.